शेकडा एक

माझ्या वडिलांची, आण्णांची वही वाण्याकडे असते तसली, लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. वर शाईने लिहिलंय 'बूट खातं' आणि त्याखाली साल, १९७१. आत प्रत्येक पानावर चार रकाने आखलेत. नाव, पगार, शेकडा एक, सही. पहिल्या पानावर अकरा नावं आहेत. सगळ्यात वर गोली काका, कारण फुटबॉल संघाची यादी गोलीपासूनच सुरू व्हायची. आण्णा आठवे. पगार २१० रुपये, शेकडा एक २ रुपये १० पैसे, आणि पुढे त्यांची ती उजवीकडे कलणारी सही.

या वहीचा हिशेब पुढे माझ्याकडे आला. टक्केवारी शाळेत शिकवायच्या आधी मी ती परळच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बसून शिकले. आण्णा आकडे सांगायचे, मी पाटीवर गणित करायचे, बरोबर आलं की ते वहीत उतरवायचे. नंतर मी बँकेत चौतीस वर्षं नोकरी केली, पण आकड्यामागे माणूस असतो हे मला त्या गॅलरीतच कळलं होतं.

आण्णा १९६२ साली रत्नागिरीकडच्या गावातून मुंबईत आले ते अठरा वर्षांचे. गिरणीत बदली कामगार. बदली म्हणजे रोज पाळीच्या वेळेला गेटवर जाऊन उभं राहायचं. कुणाचा खाडा पडला तर काम, नाहीतर आल्या पावली परत. महिन्यात किती दिवस भरतील याचा भरवसा नाही. संध्याकाळी पोरांबरोबर कामगार मैदानावर चिखलात फुटबॉल खेळायचे, तेही अनवाणी. एका पावसाळ्यात त्यांच्या डाव्या पायाचा फटका साचेखात्याच्या जॉबरने, म्हणजे मुकादमाने, पाहिला. गिरणीच्या संघाला डावीकडून खेळणारा हवा होता. आठ दिवसांत आण्णा खेळायला लागले आणि वर्षभरात कायम झाले. "लोकांना हाताने नोकरी लागते, मला पायाने लागली," असं ते सांगायचे, आणि ते सांगताना डाव्या मांडीवर थाप मारायचे.

मुंबईतल्या फुटबॉलपटूची कारकीर्द तेव्हा ही अशी होती. टाटा, मफतलाल, कॅल्टेक्स, एअर इंडिया, दोन्ही रेल्वे, महिंद्रा, पुढे आरसीएफ हा खत कारखाना. संघ कंपनीचा, खेळाडू कंपनीचा नोकर. सरावासाठी दोन तास लवकर सुटी, सामन्याच्या दिवशी भर पगारी रजा, आणि गुडघा गेला तरी मस्टरवरचं नाव जात नसे. त्याला कुणी करिअर वगैरे म्हणत नव्हतं. 'अमक्याचा मुलगा फुटबॉलवर लागला' म्हणायचे, आणि त्या 'लागला'मध्ये लग्न, खोली, गावच्या घराचं कौल असं सगळं आलं.

आण्णांच्या गिरणीचा संघ काही मोठा नव्हता. मुंबईच्या हारवुड लीगमध्ये खालच्या गटात खेळायचा. कूपरेज मैदानावर रोव्हर्स कप सुरू झाला की मात्र अख्खा संघ प्रेक्षकांत. १८९१ साली सुरू झालेली ही स्पर्धा कितीतरी वर्षं गोऱ्या पलटणींचीच होती. १९३७ साली बंगळूर मुस्लिम्सने ती जिंकली तेव्हा कुठे कपावर पहिल्यांदा हिंदी संघाचं नाव आलं. हैदराबाद सिटी पोलिसांनी १९५० ते १९५४ अशी सलग पाच वर्षं तो कप नेला, ते गोली काकांनी पोरवयात पाहिलेलं होतं. त्यांच्या गोष्टी ऐकता ऐकता आम्हा मुलांना पोलिसांच्या संघाचे खेळाडू आपल्याच मजल्यावर राहतात असं वाटायला लागलं होतं.

बूट खात्याची सुरुवात एका नखावरून झाली. सत्तर सालच्या पावसाळ्यात चाळीच्या पोरांचा एका संघाशी सामना होता. समोरच्यांच्या पायात बूट, आमची पोरं अनवाणी. समोरच्याचा स्टड आमच्या एका मुलाच्या अंगठ्यावर पडला आणि नख मुळापासून निघालं. त्या रात्री आण्णा आणि गोली काका जिन्यात बसून बोलले. बुटांसाठी पैसे काढायचे, पण कसे? गावकीच्या मंडळाची रीत सगळ्यांना ठाऊक होती. कोकणातल्या प्रत्येक गावाचं मुंबईत मंडळ, खोलीभाडं, गावचं देऊळ, शाळा, सगळ्याला माणशी ठरावीक वर्गणी. पण ठरावीक रकमेत एक खोच होती. महिन्याला दहाच दिवस भरलेल्या बदलीवाल्याला ती जड जायची. दोन महिने थकली की तो मंडळाच्या बैठकीला यायचंच टाळायचा. आण्णा स्वतः तसे बैठक चुकवून रस्त्यावर फिरत बसलेले होते. म्हणून ठरलं, रक्कम नको, शेकडा. ज्याला शंभर त्याने एक, ज्याला साठ त्याने साठ पैसे.

धोबीतलावच्या दुकानातून पहिल्या चार जोड्या आल्या. वहीच्या मागच्या बाजूने त्यांची नोंद सुरू होते. जोडी क्रमांक, मुलाचं नाव, दिल्याची तारीख, परत आल्याची तारीख. बूट कुणाच्या मालकीचे नसत. पाय वाढला की जोडी परत. सातव्या क्रमांकाची जोडी नऊ मुलांच्या पायांतून गेली, आणि मधे तीनदा तिचा तळ बदलला. तळाचा खर्चही लिहिलेला आहे.

एकदा एका मुलाची आई डब्यात बेसनाचे लाडू घेऊन आली. आण्णांनी एक लाडू तिथेच खाल्ला आणि डबा परत केला. म्हणाले, "वहिनी, ह्यात उपकार कसले? आज त्याचं नाव मागच्या पानावर आहे. उद्या नोकरीला लागला की पुढच्या पानावर येईल. वही एकच." आणि खरोखरच यायची नावं. मागच्या पानावरचा मुलगा सहा-सात वर्षांनी पुढच्या पानावर दिसतो, पगारासह. मला आजही वही चाळताना एखादं नाव असं पलीकडून अलीकडे आलेलं सापडलं की बोट तिथे थांबतं.

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. अडीच लाख कामगार बाहेर. त्या संपाबद्दल इतकं लिहिलं, बोललं गेलंय की मी त्यात भर घालत नाही. वहीत काय आहे तेवढं सांगते.

फेब्रुवारीच्या पानावर आण्णांनी नेहमीसारखी सगळी नावं लिहिली. तोवर तेवीस झाली होती. प्रत्येक नावापुढे पगार शून्य, शेकडा एक शून्य. मी तेरा वर्षांची होते. मला ते वेड्यासारखं वाटलं. म्हटलं, पैसेच नाहीत तर लिहायचं कशाला?

"शून्याचा शेकडा एक किती?" आण्णांनी विचारलं.

"शून्य."

"मग त्याने भरला ना? सही करू दे त्याला."

आणि माणसं येऊन सही करून जायची. दाढी वाढलेली, दुपारभर नाक्यावर बसलेली माणसं आमच्या खोलीत येऊन शून्यापुढे सही करायची. आई त्यांना अर्धा कप चहा द्यायची, तोही पुढे बिनदुधाचा झाला. अशी अठरा पानं आहेत. काही सह्या मधेच थांबतात. तो माणूस गावी गेला, एवढाच त्याचा अर्थ.

शिल्लक तीनशे चाळीस रुपये होती. जूनमध्ये एका घरी चूल पेटत नाही अशी बातमी आली तेव्हा त्यातून तांदळाची एक गोणी घेतली. आता खातं बुटांचं, त्यात तांदूळ कुठे लिहायचा? आण्णांनी मागच्या बाजूला लिहिलं, 'जोडी क्र. ३१, तांदूळ'. परत आल्याची तारीख, १९८६. त्या घरातला मुलगा पोस्टात लागला, त्या वर्षी त्याने एक गोणी आणून आमच्या दारात टाकली, आणि ती लगेच दुसऱ्या घरी गेली. तिचा क्रमांकही ३१ च आहे.

गिरणी पुन्हा सुरू झाली नाही. आण्णा एका इमारतीत वॉचमन झाले. पहिल्या पगाराला वहीत ओळ आली, पगार ४०० रुपये, शेकडा एक ४. हळूहळू नावं कमी होत गेली. गोली काका गावाहून मनीऑर्डर पाठवायचे, तिच्या कुपनावर 'शेकडा' एवढा एकच शब्द. २००३ च्या मार्चमध्ये शेवटची नोंद आहे. सहा वर्षांनी आण्णा गेले आणि वही ट्रंकेत गेली.

ती पुन्हा बाहेर आली एका स्पॅनिश माणसामुळे.

माझा मुलगा मँचेस्टर युनायटेडचा भक्त. घरात आठ क्रमांकाचा लाल जर्सी, मागे नाव माटा. ऑगस्ट २०१७ मध्ये एका सकाळी तो मोबाइल घेऊन स्वयंपाकघरात आला. "आई, हे बघ. हुआन माटा आपल्या पगारातला एक टक्का देणार आहे. आणि बाकीच्या फुटबॉलपटूंनाही द्या म्हणतोय." मी कणीक मळत होते. हात तसेच ठेवून मी विचारलं, एक टक्काच? म्हणजे शेकडा एक? तो म्हणाला, हो, तेच. मी हात धुतले आणि स्टूल घेऊन माळ्यावर चढले.

त्यानंतर मी या माणसाबद्दल जेवढं मिळेल तेवढं वाचलं, त्याचे जुने सामने मुलाबरोबर पाहिले. जन्म १९८८, बुर्गोस. वाढला ओविएदोमध्ये. वडीलही व्यावसायिक फुटबॉलपटू. रिअल माद्रिदच्या दुसऱ्या संघात खेळला, पण मुख्य संघात संधी मिळाली नाही. मग २००७ मध्ये व्हॅलेन्सिया. २०१० ला विश्वचषक जिंकणाऱ्या स्पेनच्या संघात. २०११ ला चेल्सी, २०१४ च्या जानेवारीत युनायटेड. उंची बेताची, पळण्याचा वेग तर त्याहून बेताचा. पण चेंडू पायाशी येण्याआधी त्याने मान वळवून सगळं मैदान पाहिलेलं असतं. आण्णा म्हणायचे, चांगला खेळाडू चेंडूकडे कमी आणि माणसांकडे जास्त बघतो. माटा तसा आहे.

त्याचा एक सामना मी पुन्हा पुन्हा पाहिला. १९ मे २०१२, म्युनिक, युरोपातल्या क्लबांच्या चॅम्पियन्स लीगची अंतिम लढत, चेल्सी विरुद्ध बायर्न, तीही बायर्नच्या घरच्या मैदानावर. ८३ व्या मिनिटाला बायर्नच्या म्यूलरने गोल केला. संपलंच असं वाटलं. ८८ व्या मिनिटाला चेल्सीला कॉर्नर मिळाला. तो माटाने घेतला आणि द्रोग्बाने डोक्याने गोलात घातला. सामना जादा वेळेत गेला, तिथून पेनल्टींवर. चेल्सीची पहिली पेनल्टी माटाचीच, आणि ती बायर्नचा गोली नॉयरने अडवली. मी ते दृश्य पाहते तेव्हा माझं लक्ष परत चालत येणाऱ्या माटाकडे असतं. अर्ध्या मैदानाचं ते अंतर किती लांब असेल. पुढच्या चौघांनी गोल केले, चेल्सीचा गोली चेकने चेंडू अडवले, शेवटचा फटका द्रोग्बाचा, आणि कप चेल्सीचा. गोली चेक प्रजासत्ताकाचा, द्रोग्बा आयव्हरी कोस्टचा, कुणी ब्राझीलचा, कुणी घानाचा, कुणी लंडनचा. पुढे आपली कल्पना मांडताना माटाने याच रात्रीबद्दल लिहिलं, इतक्या वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली माणसं एका गोष्टीसाठी एकत्र कशी आली याबद्दल. ज्याची चूक दहा जणांनी भरून काढली तोच माणूस पुढे असं काही सुचवतो, यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

२०१६ मध्ये स्पॅनिश टीव्हीवरच्या मुलाखतीत तो म्हणाला होता की बाकी समाजाच्या मानाने आम्हाला मिळणारे पैसे अश्लील वाटावेत इतके आहेत. खेळाडूने हे कॅमेऱ्यासमोर बोलणं सोपं नसतं, ड्रेसिंग रूममध्ये परत जायचं असतं. पुढच्या वर्षी मोसमाच्या सुट्टीत तो कुठे आला माहीत आहे? मुंबईत. कफ परेडच्या उंच इमारतींना लागून, समुद्राच्या काठावर आंबेडकर नगरची वस्ती आहे. तिथे वाढलेल्या अशोक राठोड यांनी सुरू केलेली ऑस्कर फाउंडेशन ही संस्था मुलामुलींना फुटबॉल शिकवते. तिचा नियम साधा, शाळा नाही तर फुटबॉल नाही. माटा त्या मुलांना भेटला. नंतर काही आठवड्यांतच, ४ ऑगस्टला, त्याने 'कॉमन गोल' हा, फुटबॉलमधून समाजाचं काम करणाऱ्या संस्थांसाठीचा एक टक्क्याचा उपक्रम जाहीर केला. ज्या माणसाला पाहायला लोक हजारो रुपयांचं तिकीट काढतात तो कूपरेजपासून दोन-तीन किलोमीटरवर येऊन गेला, आणि त्या दिवशी मी बहुधा बँकेतून लोकल पकडून घरी आले असेन.

माटाने पहिल्यांदा हाक दिली ती अकरा जणांना, एक संघ होईल इतक्यांना. दुसरा आला जर्मनीचा माट्स हुमेल्स. मग इटलीचा किएलिनी, जपानचा कागावा, अमेरिकेच्या ॲलेक्स मॉर्गन आणि मेगन रॅपिनो, प्रशिक्षक नागेल्समन, अगदी युरोपीय फुटबॉल संघटनेचे अध्यक्ष चेफेरिनसुद्धा. यात महिला खेळाडूही आहेत, ज्यांना पुरुषांच्या पगाराचा छोटासा तुकडा मिळतो. त्यांचा एक टक्का आणि हुमेल्सचा एक टक्का एकाच रकान्यात. हे वाचलं तेव्हा मला ती २१० रुपयांची ओळ आणि तिच्याखालची साठ रुपयांची ओळ दिसली.

या कामामागे युर्गेन ग्रीसबेक नावाचा जर्मन माणूस आहे, आणि त्याची हकिगत मला माटाच्या हकिगतीइतकीच मोलाची वाटते. १९९४ च्या विश्वचषकात कोलंबियाच्या आंद्रेस एस्कोबारकडून अमेरिकेविरुद्ध स्वयंगोल झाला. दहा दिवसांनी, २ जुलैला, मेदेयीनमध्ये त्याला गोळ्या घालून मारलं. ग्रीसबेक तेव्हा त्याच शहरात होता. त्याने तिथल्या वस्त्यांमध्ये, टोळ्यांमध्ये विभागलेल्या पोरांसाठी फुटबॉल सुरू केला, पण नियम बदलून. रेफरी नाही, भांडण झालं तर आपापसात बोलून मिटवायचं. संघात मुली हव्यातच. आणि पहिला गोल मुलीनेच करायचा, तोवर मुलांचे गोल धरायचेच नाहीत. विचार करा, काल पिस्तूल घेऊन फिरणारा मुलगा मुलीला नीट पास देण्यासाठी धडपडतोय, कारण त्याशिवाय त्याचा गोल मोजला जाणार नाही. त्याला चांगलं वागायचा उपदेश कुणी केला नाही. नियमच असा की चांगलं खेळायचं तर तिच्याकडे पाहावंच लागेल. आपल्याकडे नागपुरात प्रा. विजय बारसे यांनी २००१ पासून झोपडपट्टीतल्या मुलांसाठी फुटबॉलचं जे काम उभं केलं त्यातही हीच समज आहे.

माटाच्या घोषणेनंतर बऱ्याच जणांनी नाक मुरडलं. एवढे कोट्यवधी कमावतात आणि देतात एकच टक्का? माझ्या बँकेतल्या मित्रमंडळींतही हेच ऐकलं. मला हे पटत नाही, आणि ते आण्णांमुळे पटत नाही. मोठं दान देणाऱ्याची मर्जी असते. यंदा दिलं, पुढच्या वर्षी मन झालं नाही, संपलं. त्याच्या नावाची पाटी लागते, घेणाऱ्याला हात जोडून उभं राहावं लागतं. वर्गणीत मर्जीचा प्रश्न येत नाही. पगार झाला की ती निघते, आणि देणाऱ्याचं नाव यादीत इतरांच्या खाली-वर कुठेतरी असतं. माटाने स्वतःच्या नावाची संस्था काढली असती तर कौतुक झालं असतं आणि तो एकटाच राहिला असता. त्याने वही उघडली आणि आठव्या ओळीवर सही केली, असं मी म्हणेन. सगळ्या फुटबॉल व्यवहारातला एक टक्का निघावा हे त्याचं म्हणणं अजून फार दूर आहे. मोठे क्लब, दलाल, प्रक्षेपणवाले यांच्यापुढे सह्यांची संख्या थोडीच. याचं मला मनापासून वाईट वाटतं. पण बूट खात्यातही चाळीतल्या सगळ्यांनी कधीच सह्या केल्या नव्हत्या.

आणि ज्या शहरात माटाला हे सुचायला बळ मिळालं त्या शहराने आपले खेळाडू कसे सांभाळले? महिंद्रा युनायटेडने २००५-०६ मध्ये राष्ट्रीय लीग जिंकली. चार वर्षांनी, २०१० मध्ये, तो संघ बंद झाला. गिरण्यांचे संघ तर गिरण्यांबरोबरच गेले. पायाने नोकरी लागण्याचं दार बंद होत गेलं. आता चांगल्या खेळाडूला व्यावसायिक करार मिळतो, त्यात पैसे आण्णांच्या स्वप्नातही नव्हते इतके, पण ते मूठभरांना. उरलेल्या हजारो पोरांना विसाव्या वर्षी बूट खुंटीला टांगावे लागतात. मुंबईच्या फुटबॉलपटूने समाजासाठी काय केलं असं विचारताना त्याच्यासाठी कोण उभं होतं हेही विचारायला हवं.

गेल्या जुलैत एका रविवारी मी मुलाबरोबर ओव्हल मैदानावर गेले होते. पाऊस नुकताच थांबलेला, राजाबाई टॉवरच्या खाली चिखलात मुलींचा सामना चालला होता. एका बाजूच्या मुलींच्या जर्सी तीन वेगवेगळ्या निळ्या रंगांच्या. हाफ टाइमनंतर त्यांच्यातली एक दमून बाहेर आली. रेषेवर बसली आणि बूट काढायला लागली. शेजारी एक बारीकशी मुलगी मोजे घालून तयारच उभी होती. पहिलीने बूट उलटे करून आतलं पाणी काढलं आणि तिच्याकडे सरकवले. ते तिला मोठे होत होते. कुणीतरी पिशवीतून वर्तमानपत्राचा कागद काढून दिला. तिने तो चोळामोळा करून पंजात कोंबला, नाडी घोट्याभोवती दोन वेढे घेऊन बांधली, उभी राहून जमिनीवर एकदा पाय आपटून पाहिला, आणि डावीकडून आत पळाली.